शेंदूर लावलेली हद्द

नाना, परवा पारोळ्याजवळच्या त्या गावात जाऊन आले. तुम्ही रोवलेल्या दगडापाशी. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी तुमच्याच खात्यात लागले, तुमच्यासारखीच जमिनी मोजत फिरते, हे तुम्हाला कळलंच नाही. कळलं असतं तर तोंडावर म्हणाला असतात, "बाईमाणसाला उन्हात कशाला पाठवतात?" आणि मागून धुळ्याच्या देवपूरभर सांगत सुटला असतात.

देवपूरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आईने जमीन पुसली की तुम्ही तिथेच नकाशे पसरायचात, कारण घरात तेवढी मोकळी जागा दुसरीकडे नव्हती. एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन नकाशावरून चालत गेले. तुम्ही असे ओरडलात की आईच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. "पाय उचल! माणसं राहतात तिथे!" मग तुम्हालाच वाईट वाटलं असावं. मला जवळ बसवून दाखवू लागलात. हा साक्रीच्या पश्चिमेकडचा भाग, इथे डोंगरच्या डोंगर सरकारचे. माणसं आजोबा-पणजोबांपासून नागली पेरतात आणि कागदावर मात्र नुसतं जंगल. हा तापीकाठ, इथे काळी जमीन इंच इंच कुणाच्या तरी नावावर, सरकारकडे उरलं ते गायरान, नाला आणि स्मशान. कोकणात बदली झालेला तुमचा सोबती सांगायचा, तिकडे जंगलसुद्धा लोकांच्या मालकीचं. गडचिरोलीहून आलेला म्हणायचा, आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे सरकारच. मला तेव्हा गंमत वाटायची, एकच सरकार एका गावात एवढं श्रीमंत आणि दुसऱ्यात एवढं गरीब कसं. तुम्ही म्हणालात, "डोंगरात लोक सरकारला भितात. इकडे सरकारलाच लोकांपासून जपावं लागतं."

जपण्याची तुमची एक रीत होती. गायरानाच्या कडेचा दगड लोक दर नांगरणीला थोडा थोडा आत सरकवायचे. म्हणून तुमच्या पिशवीत शेंदराची पुडी असायची. मोजणी झाली, दगड रोवला, की त्याला शेंदूर फासायचा. देवाला कोण हात लावणार? घरी देव्हाऱ्याकडे ढुंकून न बघणारा माणूस गावोगाव देव बसवत फिरतो, म्हणून आई तुम्हाला चिडवायची. मलाही ती युक्ती फार आवडायची, शाळेत मी ती सगळ्यांना सांगितली होती.

आता सगळ्या गायरानांची नव्याने मोजणी चाललीय. गायरानात जे काही असेल ते काढायचं, असा आदेश आहे. त्या गावच्या यादीत एक विहीर होती. मी यंत्र उभं केलं, उपग्रहावरून जागा घेतली, मूळ नकाशा जुळवला, आणि हद्द तुमच्या दगडापाशी येईचना. ती दहा मीटर पुढे गायरानात जात होती. दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. दगड शेजारच्या आजींच्या शेतात होता, आणि विहीर त्या दहा मीटरांत.

आजी ऐंशीच्या पुढच्या. दगडाजवळच बसल्या होत्या, शेंदूर इतका चढलेला की दगडाचा आकारच राहिलेला नाही. मी तुमची मुलगी, हे त्यांना तलाठ्याने सांगितलं होतं. "मना सासरानी खंदेल विहीर शे ती," त्या म्हणाल्या. "तुना बापनी आठे देव बसाडा. मंग विहीर सरकारनी व्हई गई. माले माहीत व्हतं, पन देवना पुढे कसी बोलू माय?" इतकी वर्षं त्या सासऱ्यांनी खणलेल्या स्वतःच्या विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीला विचारून घेत होत्या. आणि दर अवसेला त्याच दगडाला दिवा लावत होत्या.

कार्यालयात येऊन मी त्या मोजणीची जुनी वही काढली. तुमचं अक्षर बघून आधी बरं वाटलं. मग खाली, पेन्सिलीने, नंतरच्या कधीतरीच्या फेरीत लिहिलेलं दिसलं: "एक साखळी कमी धरली. दगड बाईंच्या शेतात. लोक नारळ फोडू लागलेत." पुढे काही नाही. साखळी म्हणजे तेहतीस फूट, म्हणजेच दहा मीटर. तुम्हाला माहीत होतं, नाना. धुळ्याहून जळगावला मामाकडे जाताना पारोळा आलं की तुम्ही उठून एसटीत पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसायचात, ऊन लागतं म्हणून. ऊन आमच्या बाजूला नसायचंच. त्या रात्रीपासून मला डोळे मिटले की तुम्ही दिसता, पाठमोरे, दुसऱ्या खिडकीबाहेर बघत. मला तुमचा राग येतो आणि तुमची भीतीही वाटते, मेलेल्या माणसाची वाटते तशी नाही, आपण त्याच्यासारखे आहोत हे कळल्यावर वाटते तशी.

विहीर मी सोडवली. नवा नकाशा आजींच्या बाजूने झाला, वरिष्ठांची सही झाली. पण जुनी चूक कशामुळे झाली, ते लिहायचा रकाना होता. तिथे मी लिहिलं, जुनी साखळी वापराने ताणली गेली असावी. वही परत कपाटात ठेवली. हे पत्रही त्या फाइलला लागणार नाही.

आजी नकाशा घ्यायला नातवाच्या गाडीवर बसून आल्या होत्या. कागद वाचता येत नव्हता, त्यांनी तो नुसता कपाळाला लावला. म्हणाल्या, "तुना बापले काय माहीत, माय. त्याले माहीत ऱ्हातं, तं कव्हयच सुधारी देता."

मी हो म्हणाले.