नळ आला त्या सकाळी

आई,

तू गेल्यावर तुझ्या जावयाला मी परभणीत राहायला आणलं, हे तुला कळायचं राहूनच गेलं. पुण्यात दोन खोल्यांचं भाडं भरता भरता आम्ही मेटाकुटीला आलो होतो. म्हटलं, दोघांचंही काम कॉम्प्युटरवरचं, मग ते इथे बसून का नाही? स्टेशनच्या अलीकडे अंगणासकट घर मिळालं. बाजार पायी जाण्यासारखा, भाजीवाली तुझ्या नातीच्या हातात गाजर ठेवल्याशिवाय सोडत नाही. नात दारातच सायकल शिकली. मी खूश होते. तो मात्र कसं वाटतं विचारलं की नुसतं "बरंय" म्हणायचा, आणि मला त्या "बरंय"चीच धास्ती. आता त्याच्या ऑफिसने परत पुण्याला बोलावलंय. सोमवारी त्याला उत्तर द्यायचंय.

काल सकाळी नळ आला. आठ-दहा दिवसांनी येतो, तुझ्या वेळेसारखाच. तोटी फुसफुसली आणि मी काही विचार न करता साठवणीचं पिंप आडवं केलं. लहानपणी मी एकदा म्हटलं होतं, चांगलं पाणी कशाला सांडतेस? तू हंडा उपडा करत स्वयंपाकघरातूनच ओरडलीस, "शिळं पाणी पाजू व्हय लेकरायला? नवं आलंय की!" तर मीही अंगण धुतलं, उरलेलं कढीपत्त्याला घातलं. पिंप आत आणते तोवर नळ खोकला आणि बंद पडला. कोपऱ्यावर पाइपलाइन फुटली होती. न्हाणीघरातून हा साबण लावलेल्या अंगाने हाका मारतोय, आणि घरात पेलाभर पाणी नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नेमकं याच आठवड्यात व्हायचं होतं का हे?

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकं काढलं. "सांडलं व्हय समदं? आमीबी तेच केलं असतं बाई. हौदात लय हाय, नळी घे इकडून." हा टॉवेल गुंडाळून नळी धरून उभा, आणि मी त्याचा चेहरा बघतेय. त्याने विचारलं, "काकू, पुढचं पाणी कधी?" "कुनाला ठाव, बाबा! आलं की आलं." तो हसला. नंतर मला एवढंच म्हणाला, "पाणी शिळं होतं?" आणि कामाला बसला. ते हसू आपुलकीचं होतं की कंटाळ्याचं, कालपासून मला कळत नाहीये.

स्वस्त पडतं, असंच मी त्याला आजवर सांगत आले. खरं म्हणजे पुण्यात मी तापाने फणफणले होते, तेव्हा समोरच्या दारातल्यांना पत्ताही नव्हता. इथे खिडकी उघडायला उशीर झाला तरी काकू हाक मारतात. मला पुन्हा तिकडे जायची भीती वाटते, आई. तो जाऊ म्हणाला तर मी जाणार नाही. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. तुला सांगणं सोपं आहे. मग लेकरू कुणापाशी राहील, असं तू विचारणार नाहीस.