दोराची शेवटची गाठ

३ तारीख, सोमवार

नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खिडकी उघडली की थेट नदी! घळईच्या तोंडाशी तिकीटघर आहे, त्याच्या डोक्यावर माझी खोली. खोली कसली, काडेपेटीच. पलंगावरून न उठता चहा उकळता येतो, म्हणजे आळशी माणसाला स्वर्गच.

आजपासून मी गाइड. दोन्ही बाजूंना तांबड्या-पिवळ्या थरांचे उभे कडे, तळाशी हिरवं पाणी, पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे. एका कड्यात खोदलेला जुना जिना आहे आणि वर पहारेकऱ्यांची पडकी चौकी. मालकीणबाईंनी बजावलं की पर्यटकांना खरं तेवढंच सांगायचं, राजाराणीच्या गोष्टी रचायच्या नाहीत. झालं, माझं निम्मं कौशल्य वाया गेलं.

५ तारीख, बुधवार

कामाची पद्धत शिकले. आत एका ठिकाणी घळई इतकी अरुंद होते की भर दुपारी तिथे अंधार असतो. कड्याला चिकटून जेमतेम पाऊल मावेल एवढी वाट, खाली खोल डोह. म्हणून सगळ्यांना एक लांब दोर धरायला देतात. दोराला गाठी मारलेल्या असतात. माणसागणिक एक गाठ, आणि गाइड सगळ्यात पुढे.

शेवटची गाठ मात्र कोणी धरायची नाही. ती रिकामी, वाटेवर घासत मागून येते. इथे एक जुने होडीवाले आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांना कारण विचारलं, तर इथली रीत आहे म्हणाले आणि वल्हं पुसत बसले. रीत म्हटलं की बोलणंच खुंटतं.

८ तारीख, शनिवार

धाकटी सुट्टीला आली. आल्या आल्या खोलीला नावं ठेवली, माझ्या केसांना नावं ठेवली, मग चहात साखर कमी म्हणून भांडली. ही झोपेतसुद्धा वाद घालते. आईने फोनवर दहादा सांगितलं, तुझ्या भरवशावर पाठवलंय, पाण्यापाशी सांभाळ. सांभाळते म्हटलं. बहीण भांडखोर असली तरी माझा जीव आहे तिच्यात.

९ तारीख, रविवार

आज तोबा गर्दी. माणसं जास्त आणि गाठी कमी. धाकटीला मागे ठेवून जायचं तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. शेवटी तिला म्हटलं, धर ती शेवटची गाठ आणि गप्प चल. अंधाऱ्या वाटेवर दोराला एक हिसका बसला, एवढंच. बाहेर आलो तेव्हा सगळे धडधाकट होते, धाकटीही.

मामांनी तिला दोराच्या टोकाशी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढं काय आभाळ कोसळलं, कोण जाणे.

११ तारीख, मंगळवार

धाकटी शहाण्यासारखी वागतेय. भांडी घासते. बिनसाखरेचा चहा दिला, गुपचूप प्यायली. काहीही सांगितलं की नुसतं बरं म्हणते. आधी वाटलं, देव पावला.

पण तिची वेणी अजून ओली आहे. परवापासून ओलीच आहे. उशी पिळली तर पाणी निघेल. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. दगडासारखं गार.

१२ तारीख, बुधवार

अरुंद वाटेवर दोर ताणला गेला. मागून. शेवटची गाठ रिकामी होती, मी स्वतः पाहिली होती. वाटलं, खडकात अडकला असेल.

मग आवाज आला. कोणीतरी मागून भांडत होतं. किती वेळ उभं ठेवणार आहेस, अक्कल गहाण टाकलीस का, पाय गारठले माझे — असं भांडणारं माणूस जगात एकच आहे.

धावत खोलीवर आले. ती खिडकीत बसली होती, हात मांडीवर ठेवून. तू कोण, म्हणून ओरडले मी.

बरं, म्हणाली.

१३ तारीख, गुरुवार

मामांना धक्क्यावर गाठलं. आज बोलले. डोहाने गिळलेली माणसं त्या वाटेवर उभी असतात. रिकामी गाठ त्यांच्यासाठी. ती धरून चार पावलं चालतात, तेवढ्यावर त्यांचं समाधान. जिवंत माणसाने ती धरली तर तो आत राहतो, आणि त्याचं रूप घेऊन आतला एक सुटतो. मामांच्या घरी एक भाऊ आहे. कित्येक वर्षं नुसतं बरं म्हणतो.

मी गाठ धरली तर आतला एक सुटेल ना, विचारलं. हो म्हणाले. आणखी काहीतरी सांगत होते. मी थांबले नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आईचा फोन. धाकटी किती समंजस झाली, म्हणत होती. खूश होती. मी फोन ठेवून ओक्साबोक्शी रडले.

गाठ मी दिली तिच्या हातात. मीच. आता ती माझा चेहरा घेऊन जगेल, पण जगेल तरी. आईशी भांडेल तरी.

१५ तारीख, शनिवार

दुपार. अरुंद वाटेवर. दोर वाटेच्या तोंडाशी बांधलाय. वही गुडघ्यावर — उजेड जेमतेम.

गाठ धरली — हिसका — कोणीतरी मला घासून पुढे गेलं. खांदा गार. उजेडात पाठ दिसली — माझाच सदरा, माझीच वेणी. सुटली! ओरडून सांगितलं, आईशी रोज भांडत जा गं —

तिने वळून पाहिलं नाही. बरं, म्हणाली.

बरं —

आणि मागून — अगदी कानाशी — धाकटी कडाडली. गाढवे, कोणाला सोडलंस — इथे रांग आहे — माझ्यापुढे अजून कितीतरी — तू कशाला आलीस — आता आईजवळ त्या दोघी —