डोळे मिटा, हात वर करा

शनि. १३ मे १९७८, शिरूर
तरुणांच्या शिबिराचा आज तिसरा दिवस. मुलींची खोली सांभाळायचं काम माझ्याकडे, कारण दौंडच्या मंडळीत नवरा-पोरं नसलेली शिक्षिका मी एकटीच. म्हणजे सर्वांच्या मते रिकामी. पुण्याहून आलेले पाहुणे पाळक (पुढे नुसतं पु. पा., शाई वाचेल) गिटार वाजवतात. सूर एकच येतो, पण आत्मविश्वासाने येतो. मुली एकटक बघतात. फळ्यासमोर माझी उमर गेली, माझ्याकडे असं कुणी बघितलं नाही.

रूथही बघते. भावाची मुलगी. आई नाही, बाप रेल्वेत गार्ड, म्हणजे तोही बहुतेक नाहीच. माझ्याकडेच वाढली. तिच्यासोबत मैत्रीण आली आहे, सुनंदा. निमोण्याची, मी बघते त्या शाळेच्या बोर्डिंगात राहते. दोघी आता दहावीला. सुनंदाचं घर बौद्ध, वडील जि. प. शाळेत गुरुजी. शिबिराला पाठवताना म्हणाले, "जाऊ द्या, गाणी म्हणेल, चार मुलींत राहील." शिबिरात काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. आपल्या मुलीवर विश्वास होता.

भाजीत मीठ कमी. सांगितलं तर पु. पा. म्हणाले, बाई, बायबलाप्रमाणे पृथ्वीचं मीठ आपणच आहोत. ठीक.

रवि. १४ मे
संध्याकाळी निर्णयाची सभा. शिबिर असतं ते यासाठीच, खो-खो आणि खिचडी ही प्रस्तावना.

पु. पा.: "माना खाली. डोळे मिटा. कोणीही बघणार नाही. ज्याला आज प्रभूला जीवन द्यायचंय त्याने फक्त हात वर करावा." गिटार हळू. "मला एक हात दिसतो. प्रभूची स्तुती असो. मागे आणखी एक…"

कोणीही बघणार नाही, पु. पा. सोडून. आणि मी सोडून. डोळे मिटून प्रार्थना मला जमलीच नाही कधी. बोर्डिंगाची सवय, डोळे मिटले की एखादी पोरगी कमी होते असं वाटतं.

रूथचे हात मांडीवर. बोटं एकमेकांत घट्ट. शेजारी सुनंदाचा हात वर. सरळ ताठ, वर्गात उत्तर येत असलं की करते तसा.

जिच्यासाठी इतकी वर्षं रोज प्रार्थना केली ती बसून, आणि जिच्यासाठी कुणीच केली नाही ती…

रूथला विचारावं तर आपण बघत होतो हे सांगावं लागेल. अडकले.

सोम. १५ मे, दौंड
एस्टीत सुनंदा शेजारी येऊन बसली. (उद्यापासून दहावीचे सुटीतले तास, म्हणून बोर्डिंगातच राहणार.)
"बाई, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."
"वडिलांना सांगितलंस?"
"आप्पा रविवारी भेटायला येणारेत. तेव्हा सांगीन. तोंडानं सांगीन."
"रागावले तर?"
"रागावतीलच की. मीच सांगणार पण. तुम्ही नका सांगू."
कबूल केलं.

पु. पा. आठवडाभर दौंडलाच, आमच्या पाळकांकडे उतरलेत. त्यांना बाप्तिस्मा याच रविवारी हवा. "आत्मा पेटलेला आहे, थंड व्हायच्या आत." म्हटलं, आठवड्यात उतरणार असेल तर तो ताप होता, क्रोसिन द्या. शिवाय मुलगी पंधराची, बाप जिवंत आहे. बापाच्या कानावर गेल्याशिवाय पाण्याजवळ कुणी नेणार नाही. मी दारात उभी राहीन. हसले. मी हसले नाही.

बुध. १७ मे
मोठी चूक केली. सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

आज भगिनी मंडळ. आमच्यात कुणी कुणाची निंदा करत नाही, पाप आहे. आम्ही प्रार्थनेचे विषय देतो. "अमकीच्या सुनेसाठी प्रार्थना करा, फार उलट बोलते." मग सगळ्या डोळे मिटून ऐकतात, एक शब्द सांडत नाही. याच्यावर मी मागे आमच्या मासिकात लिहिलं होतं. सगळ्या हसल्या, प्रत्येकीला ते दुसरीबद्दल वाटलं.

तर आज माझी पाळी आली आणि मन भरलेलं होतं. म्हणाले, "एका मुलीसाठी प्रार्थना करा. नाव सांगत नाही. घरी सांगायचं धैर्य मिळू दे."
मार्थाबाई, डोळे मिटूनच: "बोर्डिंगातली का हो?"
"नाव सांगत नाही."
"नको, नको. निमोण्याची ना?"
मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा बोभाटा होतो, कारण एरवी मी गप्प बसत नाही. मग मार्थाबाईंनी सुंदर प्रार्थना केली. गावासकट.

शुक्र. १९ मे
गुरुजी आज दुपारीच आले. पांढरा सदरा, घामाने ओला. ऑफिसात बसले नाहीत, उभेच.

सकाळी कामानिमित्त दौंडला उतरले होते. स्टँडवर मार्थाबाईंच्या यजमानांनी हातात हात घेऊन अभिनंदन केलं. गुरुजींना वाटलं, मुलीचा नंबर आला. "नाही, नाही, आमच्यात येतेय ना ती!" पाठीमागे रसवंतीवाला, कंडक्टर, सगळे ऐकत होते.

"बाई, ती काय मानते यावर मी तिच्याशी भांडलो असतो. चार दिवस भांडलो असतो. तुम्ही मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत."

सुनंदा दारात. माझ्याकडे बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं. ट्रंक स्वतः उचलली. जाताना एवढंच, "तुम्ही कबूल केलं होतं."

शनि. २० मे
पु. पा. आले. कळलंय त्यांना. डोळ्यांत चमक.
"छळ सुरू झाला, बाई. उद्याच्या उपासनेत मी हेच मांडतो. विश्वासासाठी घरात कोंडलेली मुलगी."
"कोंडलेली नाही. घरी गेलीय. तिचं घर आहे ते."
"पण साक्ष म्हणून…"
"तुम्ही तिचं नाव उद्या घेतलंत तर मी उठून उभी राहीन आणि मंडळीला सांगेन छळ कुणी केला ते. माझ्यापासून सुरुवात करीन."
चहा अर्धा टाकून गेले. साखर माझी गेली.

उद्या निमोण्याला जाणार. रूथला सांगितलं. म्हणाली, "मी पण येते." का, ते सांगितलं नाही.

रवि. २१ मे
उपासना चुकवली. आठवणीत पहिल्यांदा.

न्हावऱ्यापर्यंत एस्टीत उभ्याने. निमोण्यात उतरल्यावर घर विचारलं तर एक म्हातारे म्हणाले, "गुर्जींचं व्हय? त्या लिंबापल्याड. तुमीच का त्या दौंडच्या?" म्हणजे माझ्या आधी मी पोचले होते.

ओट्यावर गुरुजी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची लहान मूर्ती. सुनंदाच्या आईने पाणी दिलं, बोलल्या मात्र रूथशी: "परवापासनं जेवली न्हाई धड. तू तरी बोल तिच्यासंगं."

मी उभ्याउभ्याच म्हणाले, गुरुजी, बातमी माझ्या तोंडून फुटली. प्रार्थना म्हणून फुटली, पण फुटली. सुनंदा तुम्हाला स्वतः सांगणार होती. तिचा दोष नाही.

गुरुजींनी मला बसायची खूण केली. मग: "मी दीक्षा घेतली तेव्हा हिच्याहून थोडा मोठा होतो. आमच्या आबांनी महिनाभर बोलणं टाकलं. पण देव्हाऱ्यातले देव मी त्यांच्यादेखत उचलले, बाई. ते झोपल्यावर नाही." मग आत बघून, "सुनंदा, बाहेर ये. काय केलंस ते मला सांग. बाईंना नाही, मला."

आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "आप्पा, मी हात वर केला."
"सगळ्यांनी केला म्हणून?"
"रूथनं नाही केला. मी केला."
"का?"
"त्यांनी विचारलं म्हणून. तुझं काय म्हणणं आहे, असं. घरात समदं आधीच ठरलेलं असतं. चांगलंच असतं, पण ठरलेलं."
गुरुजींना लागलं ते. मानेवरून कळलं.

शेवटी अट घातली. दहावी होईपर्यंत बाप्तिस्म्याचं नाव नाही. दर रविवारी दुपारी मी इथे यायचं. याच ओट्यावर सुनंदा एक पान आमच्या शुभवर्तमानातलं वाचेल, एक पान त्यांच्याकडच्या ग्रंथातलं. दोघांनी विचारायचं, तिने उत्तर द्यायचं. वर्षानंतर ती ठरवेल. "आणि हात वर करायचा नाही. उभं राहून सांगायचं. डोळे उघडे ठेवून. इकडं की तिकडं, मी ऐकेन."

मी हो म्हटलं. सुनंदाने माझ्याकडे बघितलं नाही. पण चहा तिनेच आणला.

मंगळ. २३ मे
पु. पा. पुण्याला परत. निरोप घेताना: "वर्षभर? आणि मधेच प्रभू आला तर?"
"तर त्याला सांगेन, रविवारी दुपारी निमोण्याला ये, आम्ही सगळे तिथेच असतो."

भगिनी मंडळातल्या बायकांकडून रविवारच्या गैरहजेरीबद्दल विचारणा. मार्थाबाई माझ्यासाठी प्रार्थना करणार आहेत. गावासकट.

रवि. २८ मे
पहिलं वाचन. सुनंदा स्पष्ट वाचते. हरवलेल्या मेंढराचा दाखला. गुरुजी म्हणाले, "मागे राहिलेली नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर?" मी उत्तर दिलं, त्यांचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही नाही. मग त्यांचं पान. मी शंका काढली, त्यांनी चष्मा पुसला. मजा आली, हे इथेच लिहिते, मंडळीत सांगणार नाही.

निघताना त्यांनी रूथला सहज विचारलं, "पोरी, तू का गं नाही हात वर केलास?"
रूथ चपला घालत होती. वर बघितलं नाही.
"आत्या बघत होती. ती नेहमी बघते. मी केला असता तर तो तिच्यासाठी झाला असता."

गुरुजी माझ्याकडे बघेनात. सुनंदा मात्र बघत होती, ट्रंक उचलून गेल्यापासून पहिल्यांदा नीट.

येताना एस्टीत रूथ आणि मी, दोघी खिडकीबाहेर बघत.

बुध. ३१ मे
तीन दिवस लिहिलं नाही. पुढच्या रविवारची एस्टी विचारून आले, वेळ तीच. जाणारच. मार्थाबाईंना काय करायचं ते करू देत.

आज जेवणानंतर घरची प्रार्थना. रूथ समोर पाटावर. नेहमीप्रमाणे मी सुरुवात केली, मग थांबले, आणि डोळे मिटले. पूर्ण. सवय नाही, पापण्या थरथरतात. आमेन म्हटल्यावरही उघडले नाहीत.

समोर पाट सरकल्याचा आवाज झाला. ती उठून गेली की गुडघ्यावर आली, मी बघितलं नाही.