पालेगावला गाड्या जोडीने

५ जाने., सोमवार
संपादकांचा फोन. (यापुढे सं. पूर्ण शब्द लिहावा इतकं मानधन ते देत नाहीत.) पंचवीस तारखेला पालेगावच्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळावा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडच्या गाड्या येणार. "मॅडम, ठळक आकर्षणं लिहा, आठशे शब्द." आकर्षणं अजून ठरायची आहेत, शब्द ठरलेत.
शिरगावच्या माझ्या घरून संध्याकाळी अंबरनाथला, दादाकडे. बातमी त्याला आधीच कळलेली. पद्मिनीचं अभ्यंगस्नान चालू. क्रीम रंग, लाल सीटा, आरशासारखा बंपर. वहिनी म्हणाली, "लग्नात मला एवढी हळद नव्हती लागली." रिटायर झाल्यापासून दादाला शीळ घालताना आज पहिल्यांदा ऐकलं.

८ जाने., गुरुवार
आयोजक विलास भोईर यांना भेटले. पालेगावचेच. आजवर बैलगाड्यांच्या शर्यती भरवल्या, हा प्रकार पहिलाच. पत्रक दिलं. नियम तिसरा: नोंदणी जोडीचीच होईल, एकट्याने येऊ नये.
उघड आहे. शर्यतीचं जुनं पत्रक घेतलं, 'बैल' काढून 'गाडी' घातली. पाचव्या नियमात घाई झाली असावी, शिंगांना रंग चालेल असं अजून आहे.
म्हटलं, मोटारीला जोडी कशाला? भोईर (यापुढे भो.): "ताई, यकली गारी सोभंल का? आनि छापलाय तं छापलाय."
संस्कृतातलं द्विवचन मराठीने टाकून दिलं होतं. पालेगावने उचललं.

११ जाने., रवि.
तिन्ही गावांत स्थळं बघणं जोरात. बदलापूरच्या डॉक्टरांची स्कूटर उल्हासनगरच्या कॅम्प ३ मधली एक स्कूटर पाहून आली. हेडलाइट जुळेना, नकार. लष्करातून निवृत्त जीपला निवृत्त जीप मिळाली. रोडरोलर एकच आहे. भो.: "त्याला वळू म्हनून मोकला सोरू."
दादाच्या पद्मिनीशी जुळेल अशी चालती पद्मिनी आसपास एकच. कॅम्प ४, फर्निचरवाले लच्छूभाई. म्हणजे संपलं.
दोघांनी गाड्या एकाच सुमारास घेतलेल्या. दर रविवारी दोन बॉनेट उघडी आणि दोन डोकी आत. मग लच्छूभाईंनी गाडीला पिस्ता रंग दिला आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात दादा व्याह्यांसमोर बोलून गेला, "बर्फीला चाकं लावलीत." व्याही पोट धरून हसले. लच्छूभाई नाही. ती मुलगी आता दोन मुलांची आई. बोलणं बंद ते बंदच.
दादा: "मी नाही जाणार त्याच्या दारात."
वहिनी: "नका जाऊ. आपण आपल्या गल्लीतच मेळावा भरवू. मी टाळ्या वाजवते."

१५ जाने., गुरु.
पद्मिनीवर कव्हर. दादा म्हणे, धूळ बसते. नियम बदलतोय का, हे विचारायला त्याचा मला आज तीनदा फोन. भो.ना विचारलं. नियम बदलत नाही, गाव हसेल.
सं.ना मजकूर हवाय. जीप झाली, रोलर झाला, शर्यतीचे समालोचक मोटारींचं समालोचन करणार तेही झालं. विजेत्यांवर गुलाल उधळणार. नवा रंग दिलेले मालक धास्तावलेत. मधला एक परिच्छेद मोकळा ठेवलाय. दादाचा.

१८ जाने., रवि.
अंबरनाथ पूर्वेला नवा फ्लेक्स. दादा आणि लच्छूभाई खांद्याला खांदा लावून, दोघांना कॉम्प्युटरने चढवलेले काळे गॉगल. वर 'मानाची जोडी'. विचारलं दोघांपैकी कोणालाच नाही.
भो.: "ताई, फोटो टाकला का मानूस येतोच. नाय आला तं लोकं इचारतील."
व्यवस्थापनशास्त्र यापुढे काय शिकवणार.
दादा सकाळपासून चारदा दूध आणायला गेला. वाट फ्लेक्सवरूनच जाते. वहिनीने शेवटी खीर केली.

१९ जाने., सोम.
लच्छूभाईंचा मला फोन. "ताई, मेरा फोटो छोटा क्यूं? तुझ्या भावाचा बघ, सगळा बोर्ड खाल्ला त्याने."
म्हटलं, तक्रार त्यालाच करा. नंबर देऊ?
"नंबर आहे." मग, "तोच आहे ना?"
पुढचं वहिनीकडून. दादाने फोन उचलला. दादा: "तुझा फोटो निदान तरुणपणीचा तरी आहे." तिथून जे भांडण सुरू झालं ते दोन चहा होईपर्यंत. दोन्ही चहा दादाच प्यायला, दुसरा वहिनीचा होता.

२१ जाने., बुध.
दादाबरोबर कॅम्प ४. दुकानामागे पिस्ता पद्मिनी. दिवाळीपासून हललेली नाही. दादा तिच्याभोवती फिरला, दारावरून हात फिरवला.
"रंग टिकलाय."
"तुला आत्ता दिसला?" लच्छूभाई म्हणाले.
दादाने बॉनेट उघडलं. डोकी आत. मी एक आहे हे दोघेही विसरले. जवळच्या खुर्चीवर बसले, तिच्यावर किमतीची चिठ्ठी होती, उठले.
निघताना नवा तंटा: मैदानात उजवीकडे कोण? दोघांनाही उजवीच हवी. भो.ना फोनवर विचारलं. "जो पयला पोचंल तो उजवा." आगीत रॉकेल.

२३ जाने., शुक्र.
मजकूर छापून आला. सं.नी द्विवचन कापलं, रोलर ठेवला. मधल्या परिच्छेदात लिहिलंय: दोन पद्मिनी येणार असल्याचं समजतं. 'समजतं' माझं. सं.नी खोडलं. आता 'येणार'.

२५ जाने., रवि., सकाळ
पद्मिनीच्या पुढच्या सीटवर बसून लिहितेय, अक्षर हलतंय.
दोघांनी दादाच्या गल्लीतून एकत्र निघायचं ठरलेलं. क्रीम एका किल्लीत सुरू. पिस्ता इथवर आली, बंद केली, मग खोकून गप्प. लच्छूभाई स्टिअरिंगवर, गल्ली धक्क्याला. दादा आपली गाडी चालू ठेवून उतरला आणि त्यांच्यात घुसला.
"दुसऱ्या गिअरला टाक, लच्छू."
"तू धक्का दे. लेक्चर मत दे."
अशीच सगळी वरात वळणाआड. तिकडे इंजिन धडधडलं. लांब हॉर्न. लोक हात झटकत परत आले, दादा नाही. शेजारचे म्हणाले, "तो बसला ना त्यांच्याच गाडीत. थांबली तर परत बंद पडेल म्हणाला."
इकडे क्रीम पद्मिनी, दार उघडं, इंजिन चालू, आत कोणी नाही. आणि नियम तिसरा: एकट्याने येऊ नये.
वहिनीने पदर खोचला. "पेट्रोल जळतंय फुकट. बस, नंदे."
"तुला येते?"
"तुझा दादा शिकवताना ओरडायचा. मग लच्छूभाईंनी शिकवली, त्यांच्या गाडीवर. ह्यांना नाही माहीत."
गिअर पडला, न कुरकुरता. आता पालेगावचा रस्ता. पुढे दोन टँकर, एक वरातीचा घोडा, पिस्ता काही दिसत नाही. उजवीकडे कोण, हे कोणाला विचारायचं आता.
वहिनी म्हणते, लिहिणं पुरे, पुढे बघ, दिसले की सांग, मी हॉर्न मारते.