पायातली गुठळी

नाशिक, जुलै १९८४

शकुआक्कास, सप्रेम जयभीम.

आतड्याच्या दुखण्यानं मी दवाखान्यात आहे, हे तुला कळलंच असेल. परवा डावा पाय टम्म सुजला. मला नवलच वाटलं. पोटातलं रक्त थांबत नाही आणि पायात मात्र त्याची गुठळी होते, हे कसं? डॉक्टर म्हणाले, "या आजारात क्वचित होतं असं." आपल्या आप्पांचंही पोट असंच होतं. शेवटी त्यांचाही पाय सुजला होता.

माझी मालन म्हणाली, "आक्कांना नामपूरहून बोलवू. त्यांच्यासारखं तेल कुणी चोळत नाही." डॉक्टर ओरडलेच, "पायाला हात लावायचा नाही!" का ते मी खोदून खोदून विचारलं. चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणाले. मग माणूस धापा टाकत जातो.

आप्पा धापा टाकत गेले, तेव्हा तुझे हात तेलाचेच होते. "शेवटची सेवा माझ्या हातून घडली," असं तू आजही सांगतेस.

हे पत्र फाडतो. पोस्टकार्डावर एवढंच लिहीन : ये, पण पाय चोळू नकोस, मला गुदगुल्या होतात.

तुझा धाकटा,
भिकन