कानातलं नाव

३ डिसेंबर, बेलवली
अमितच्या लेकीचं बारसं पुढच्या रविवारी. मी एकुलती एक बहीण, तेव्हा नाव ठेवायचा मान माझा. वहिनी, कविता, सिंधी, उल्हासनगरची. त्यांच्यातही हा मान आत्याचाच. कविताच्या पप्पांनी महाराजांकडून अक्षर काढून आणलंय : त. अमितने फोनवर सांगितलं आणि मी उगाच भाजीखालचा गॅस बंद केला. एवढी बाराखडी पडली होती, नेमकं तेच.

४ डिसें.
तारा. किती वर्षांनी लिहिलं हे. आमच्या होणाऱ्या मुलीचं नाव. ती झालीच नाही. डॉक्टर, औषधं, नवस, सगळं संपून काळ लोटला. नाव तेवढं राहिलं. अजून कुकर लावताना मनात हाक मारते. वेडेपणा. सुहासला माहीत आहे. नवरा म्हणून बरा आहे, हसत नाही.

५ डिसें.
कंपनीत जेवणाच्या सुट्टीत फोनवर 'तारा'चे अर्थ शोधत बसले. संस्कृतात चांदणी. फारसीतला सितारा, इंग्रजीतला स्टार, सगळी एकाच घरची भावंडं म्हणे. आयर्लंडात टेकडी, जुन्या राजांची. जपानीत मासा! (सुहास : "ओला की सुका?") लॅबमधली सुजाता म्हणाली, "लेण्यांत बघ ना, बोधिसत्त्वाशेजारी तारा असते. पार नेणारी." दुपारभर टेकडीवरच्या चांदण्यात मासे पोहत होते, आणि कडेला फ्रॉक भिजवत कुणीतरी... सॅम्पलचं रीडिंग दोनदा घ्यावं लागलं.

७ डिसें.
ऑफिसहून परस्पर उल्हासनगर. बारशाचा सुका मेवा घ्यायला कविताच्या पप्पांच्या दुकानात. त्यांनी काट्यावर रिकामा डबा ठेवला, एक बटण दाबलं. आकडा शून्य. "ये टेअर है, ताई. खाली डब्बे का वज़न पहले निकाल देने का. वो ग्राहक के सिर पे क्यों?"
घरी येऊन शोधलं. इटालियनमध्ये त्याला तारा म्हणतात. मूळ अरबी, टाकून द्यायचं ते.
रिकाम्या डब्याचं वजन. खूप रडले. मग बरंही वाटलं. कुणीतरी, कुठेतरी, त्यालाही नाव दिलंय. सुहासने विचारलं काय झालं, म्हटलं काजू चांगले आहेत.

९ डिसें.
सुहास : "देऊन टाक. घरात हाक ऐकू तरी येईल."
मी : "आणि कविता तिला ओरडेल, तारा पसारा आवर, तेव्हा?"
मला ऐकवणार नाही ते. कंजूषपणा म्हणा हवं तर. माझं आहे, माझ्याजवळ राहू दे. तन्वी ठरवलं. छान आहे तन्वी.

१० डिसें.
अंबरनाथला अमितच्या घरी बारसं. पाळण्यात वाकले. बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला टपलेल्याच. कानाशी कुर्रर्र केलं. इवलासा कान, दुधाचा वास. पोर रडत होती ती एकदम थांबली, आणि माझ्या तोंडून निघालं ते तन्वी नव्हतं. तेवढ्यात धपाटे, हशा. सरळ होऊन मोठ्याने म्हटलं, तन्वी! पेढे वाटले. पाठ अजून हुळहुळतेय.

१२ डिसें.
सकाळीच कविताचा फोन. "ताई, कब से तन्वी-तन्वी करतेय, रडायची थांबतच नाही. तुम्ही कानात बोललात तेव्हा कशी चूप झाली होती. काय बोललात?"
"तन्वी."
"नाही ताई. मी पाळण्याजवळच होते ना. दुसरं काहीतरी होतं." मग स्वतःच म्हणाली, "बरं, मला नका सांगू. फोन तिच्या कानाशी धरते, तिला सांगा."
रडणं एकदम जवळ आलं, माझ्याच कडेवर असल्यासारखं. बोलले. पलीकडे शांत झालं. मी घाईने फोन ठेवून दिला. कविताने ऐकलं का, कळलं नाही.
हे लिहितेय तोवर तिचा फोन परत वाजतोय. सुहास दारात उभा आहे, म्हणतोय, "घे की."