तोंडी दिलेली रजा

लेअर
सोमवार, १६ फेब्रुवारी

प्रिय ओकाताई,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. बाळ आतापासूनच तुला धड जेवू देत नाही म्हणजे आपल्याच घराण्यावर गेलं म्हणायचं. भावोजींचं जहाज निघालं का? तू एकटी बर्फात बादल्याबिदल्या उचलू नकोस, आधीच सांगून ठेवते.

इकडे सगळं छान. पाऊस आहे, वारा आहे, म्हणजे नवीन काही नाही. शनिवारी आमच्या चहाच्या कंपनीची कोबीची सहल झाली. दरवर्षीचंच: ढकलगाडीत बाटल्या, गावाबाहेरच्या रस्त्यावर गोळा फेकत फेकत चालायचं आणि शेवटी खानावळीत कोबीची भाजी नि सॉसेज. आणि ऐक, यंदाची कोबीराणी कोण? मी! गळ्यात मानाचं म्हणून डुकराच्या जबड्याचं हाड घालून मिरवले.

आज जरा घरीच आहे. दमल्यासारखं झालंय. सकाळी खिडक्या पुसल्या, मग चमचे घासले, मग परत खिडक्या पुसल्या.

ऑगस्टचं म्हणशील, तर मी येणार म्हणजे येणार. बाळंतपणाला तू एकटी नसणार. रजेची तर अजिबात काळजी करू नकोस, हवी तेवढी रजा आहे आता माझ्याकडे.

तुझी,
गेस्के

लेअर
बुधवार, १८ फेब्रुवारी

ताई गं,

वरचं पत्र मी पेटीत टाकलंच नाही. आता याच पाकिटात घालते, म्हणजे तुझी बहीण किती सराईत खोटारडी आहे ते तुला कळेल. फोन मुद्दामच केला नाही. माझं नुसतं ‘हॅलो’ ऐकून तू विचारलं असतंस, “काय गं, काय झालं?” आणि मी भोकाड पसरलं असतं.

तर आता खरं ऐक. बसून ऐक.

शनिवारी वाटेत आमचा गोळा खंदकात गेला. मी लांब दांडीची जाळी घेऊन तो चाचपत होते. तेवढ्यात आमचे मालक, हाब्बो फोकेन, काठावर येऊन उभे राहिले. नाक लाल, हातात प्याला. म्हणाले, “गेस्के, एन्नोची बायको बाळंत होणार आहे. तो उन्हाळाभर रजेवर जातोय. तेव्हा तुझा ऑगस्ट रद्द.”

“रद्द? मालक, जानेवारीत तुम्हीच म्हणालात ना, घे की बाई, खुशाल जा?”

“तेव्हा हो म्हणालो, आता नाही म्हणतो. पर्यटकांनी दुकान भरलेलं असताना तू तिकडे नॉर्वेत बसणार?”

ताई, माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस. एवढी वर्षं वाट बघून आता कुठे दिवस गेलेत, नवरा समुद्रावर आणि बाळंतपणाला शेजारीण! मी जाळीच फेकून दिली. “मग सांभाळा तुमचा चहा! मी सोडली नोकरी!”

“तू काय सोडतेस? मीच तुला काढतो!”

“मी आधी सोडली!”

“मी काढली म्हणजे काढली!”

तीस माणसं रस्त्यावर उभी राहून बघताहेत. आणि आमचं दुकान सांभाळणारा एन्नो, ज्याच्यामुळे हे सगळं रामायण झालं, तो हळूच म्हणतो, “पण गोळा कोण काढणार?”

पुढची गंमत ऐक. राजाराणी कोण हे गेल्या वर्षीच्या जोडीने आधीच ठरवून ठेवलं होतं. खानावळीत त्यांनी जाहीर केलं, कोबीराजा हाब्बो, कोबीराणी गेस्के! म्हणजे पुढच्या वर्षीची सहल आम्ही दोघांनी मिळून काढायची. गळ्यात हाडं अडकवून आम्ही वॉल्ट्झ नाचलो. मी छताकडे बघत होते, ते खिडकीकडे. लोक हसून हसून बाकांवरून घसरत होते. मला मात्र रडू आवरत नव्हतं.

सोमवारचा माझा पराक्रम वर वाचलासच. काल मात्र उठले आणि रोजगार कार्यालयात गेले. म्हटलं, आता बेकार आहोत तर रीतसर बेकार होऊ. समोर एक बाई, जाड चष्मा, टेबलावर निवडुंग. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, “स्वतःहून सोडलीत?”

“हो.”

“मग पहिले तीन महिने भत्ता मिळणार नाही. बरं, राजीनाम्याचा कागद?”

“कागद कुठला? ओरडून सांगितलं. खंदकाजवळ.”

तिने चष्मा काढला. “आणि मालकांनी काढलं, त्याचं पत्र?”

“तेही ओरडले. तिथेच.”

“बाई,” ती म्हणाली, “या देशात कागदावर सही झाल्याशिवाय नोकरी जात नाही. तुमच्या ओरडण्यानेही नाही आणि त्यांच्याही नाही. तुम्ही बेकार नाही आहात. तुम्ही कामाला दांडी मारून इथे बसला आहात!”

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, “म्हणजे तोंडी बोलण्याला काही किंमतच नाही? मग त्यांनी जानेवारीत रजा दिली, तीही तोंडीच की.”

“रजेचं वेगळं. रजा तोंडी दिली तरी दिली. एकदा दिली की मालकाला मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. पगारही चालू राहतो. आता उठा, माझ्यामागे खरे बेकार रांगेत आहेत.”

ताई, मी त्या बाईच्या निवडुंगाचा मुका घेणार होते! उड्या मारत बाहेर आले. आणि पायरीवरच थबकले. कायदा माझ्या बाजूने होता, पण त्या दारातून परत आत कुठल्या तोंडाने जायचं?

आज सकाळी गेले. चहाची चव घ्यायच्या खोलीत माझ्या जागेवर मालक बसलेले. पुढ्यात आसामच्या चहाच्या वाट्यांची रांग. चमच्याने ओढून चव घेत होते आणि तोंड कडू करत होते. पाईप ओढून ओढून त्यांची जीभ केव्हाच गेलीय. मला बघून म्हणाले, “दोन दिवस झाले. मला सगळे सारखेच लागतात.”

“दांडीबद्दल ताकीद द्यायची असेल तर द्या,” मी म्हटलं.

“कसली दांडी? मीच काढलं होतं ना तुला, मग येणार कशी? दोन्ही दिवसांचा पगार मिळेल. तालेआ तीन दिवस घरात मला कायदा शिकवतेय. एन्नोला कायदा, तुला कायदा, मलाच मेला कुठला कायदा नाही.” तालेआ म्हणजे त्यांची बायको. खमकी बाई आहे. “बस. चहा घे.”

कपात खडीसाखर पडली, वर चहा ओतला, कडेने साय सोडली. पहिला कप झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तिसऱ्यानंतर शहाण्या माणसाने चमचा कपात ठेवायचा, नाहीतर यजमानाने ओततच राहायचं, हे काय तुला सांगायला हवं? मी चमचा बशीतच ठेवला.

त्यांनी चौथा ओतला. मी प्यायले. पाचवा ओतला. मी तोही प्यायले. सहाव्याला ते कळवळले, “अगं, बास की! फुटशील!”

“ऑगस्ट?”

“कायद्यानेच तुझा आहे ना तो!”

“कायद्याने आहेच. पण मला तो तुमच्या तोंडून हवाय. खुशीने दिलेला. जानेवारीत दिला होतात तसा.”

त्यांनी किटली खाली ठेवली. मग घसा खाकरून म्हणाले, “घे की बाई. खुशाल जा. दुकान तालेआ बघेल. चहाची मिश्रणं जुलैतच चव घेऊन करून ठेव, माझ्यावर सोडू नकोस.” आणि मग अगदी हळू, “पण परत ये हं.”

तेव्हा मी चमचा कपात ठेवला. आणि ताई, ढसाढसा रडले. तेही नाक पुसत होते, म्हणे कोबी बाधला. शनिवारचा कोबी बुधवारी!

एक गोष्ट अजून सांगितली नाही, तीही सांगून टाकते. तू गेल्या पत्रात लिहिलंस, ‘माझ्यापायी नोकरीवर पाणी सोडू नकोस, मी निभावेन.’ मी सोमवारी मोठ्या तोऱ्यात मनाशी म्हणत होते, नोकरी काय, छप्पन्न मिळतील. खोटं होतं ते. मला हे काम फार आवडतं गं. सकाळी सगळ्या वाट्यांतून वाफ निघते तेव्हा मला दुसरं काही नको असतं. मला तू हवी होतीस आणि हे कामही हवं होतं. दोन्ही मागणं म्हणजे हावरटपणा वाटून मी तुझ्याशीसुद्धा बोलले नाही. आणि बघ, दोन्ही मिळालं!

पगारी रजेवर येतेय, कोणाच्या उपकारावर नाही. अख्खा ऑगस्ट. कळा सुरू झाल्या की माझा हात हवा तेवढा आवळ, मोडलास तरी चालेल. आजारपणाचीही रजा असते इथे.

तुझ्या उशाशी बसणारी, आणि मग परत कामावर जाणारी,
बाळाची मावशी